घमेल्यात उरलेला खडा

आमच्या शाळेची सहल कुठं जाणार, हे पाचवीतल्या पोरांनाही जूनमध्येच ठाऊक असायचं. औंढ्याला नागनाथाचं दर्शन, देवळाभोवती एक फेरी, मग सिद्धेश्वरच्या धरणावर बसून डबे खायचे आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. मी भूगोलाचा मास्तर, म्हणून धरणावर उभं राहून पूर्णा नदीबद्दल पाच मिनिटं बोलायचं काम माझ्याकडं. ती पाच मिनिटं मला झोपेतही पाठ आहेत. पोरं ऐकत नसत हेही मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला दरवर्षी नव्यानं राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. जवळच्याच तांड्यावर तिचं सासर. दहावीला माझ्या हाताखाली होती, आता कडेवर लेकरू घेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी. तिचं म्हणणं असं की, तिच्या सासऱ्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या आहेत. जमिनीच्या पोटात काय आहे ते त्यांच्याइतकं या भागात कुणाला ठाऊक नाही. ते पोरांना एका दिवसात आपल्या माळावरचे ज्वालामुखीचे थर दाखवतील आणि तिथून पैनगंगेपलीकडं उनकेश्वरला नेऊन ऊन पाण्याचे झरे दाखवतील. शाळेनं ही सहल एकदा करून बघावी.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ज्वालामुखी? कळमनुरी तालुक्यात?"

ती म्हणाली, "सर, तुमीच तर शिकवलं होतं. आपलं पठार लाव्ह्याचं हाय म्हणून."

मुख्याध्यापक हसले. मला हसू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं आणि खरी गोष्ट सांगितली. बोअरच्या मशिनी आल्या आणि विहिरीचं काम बसलं. तीन हिवाळे झाले, सासरे ऊसतोडीला जातात. "मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढावं लागतं, सर. मागच्या साली गुडघ्यानं दगा दिला अन् मोळीसकट खाली आले. बोलत न्हाईत, पण लई तकलीफ हाय. मुकादम हो का न्हाई म्हणून रोज फोन करून राहिला. शाळांच्या सहली मिळाल्या तर बाबांचा हिवाळा घरी निघंल. तुमच्या शाळेनं हो म्हटलं की बाकीच्या पण येतील."

मुख्याध्यापकांनी ठरवलं ते असं: आधी सात शिक्षकांनी जाऊन यायचं. "सर, तुम्ही भूगोलवाले. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही." म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचा हिवाळा माझ्या हातात आला. आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. अठ्ठावीस वर्षं खडू झिजवल्यावर कुणीतरी माझ्या हो-नाहीची वाट बघणार होतं.

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही सात जण तांड्यावर पोचलो. भाड्यानं ठरवलेली जीप उभी होती. जीपवाला पुढं, त्याच्याशेजारी सूनबाई. सासरे मागच्या दाराशी उभे. साठीला टेकलेले, बुटके, खांदे मात्र दाराएवढे रुंद. अंगात नवा कोरा सदरा, त्यावरच्या घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. सुरुंगांच्या आवाजानं उजवा कान गेलेला, त्यामुळं बोलताना ते डावा कान पुढं करायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांच्या हातात एक लोखंडी घमेलं होतं.

"गाडीतून उतरताना प्रत्येकानं एक खडा यात टाकायचा," मामांनी सांगितलं. "चढताना एक उचलायचा. घमेलं मोकळं झालं की गाडी हालंल."

आमचे गणिताचे सर म्हणाले, "मामा, सात जण तर आहोत. मोजता येतंय आम्हाला."

"मोजणारा चुकतो, गुरुजी. खडा चुकत न्हाई."

विहिरीवरचीच ही पद्धत, हे सूनबाईनं मागं वळून सांगितलं. सुरुंग भरायच्या दिवशी खाली उतरणारा प्रत्येक माणूस काठावरच्या घमेल्यात खडा टाकायचा, वर आला की उचलून फेकायचा. घमेल्यात एक जरी खडा दिसला तरी वातीला काडी लावायची नाही. मी अहवालासाठी वही आणली होती. त्यात पहिली ओळ लिहिली: घमेलं, पोरखेळ.

तांड्याच्या वर माळ आहे. तिथवर जीप गेली, पुढं आम्ही पायी. सोयाबीन निघालं होतं, खाली कुठंतरी मळणीयंत्र चाललं होतं आणि त्याचा भुसा उन्हात तरंगत होता. माळाच्या कडेला मामांनी ऐन उमेदीत खोदलेली एक विहीर होती. साठ फुटांची, अजून बांधलेली नाही, चारही बाजूंचा खडक उघडा. मामांनी आम्हाला काठापासून हातभर मागं बसवलं. मग पिशवीतून एक आरसा काढला. न्हाव्याकडं असतो तसा, हातात मावेल एवढा.

विहिरीत अंधार होता. मामांनी आरशावर ऊन घेतलं आणि ते विहिरीच्या भिंतीवर सोडलं. ताटाएवढा उजेडाचा तुकडा समोरच्या कडेवर उमटला. ते तो तुकडा सावकाश खाली सरकवत बोलू लागले, आणि मी इतकी वर्षं फळ्यावर आडव्या रेघा मारून जे दाखवत आलो ते माझ्यासमोर उजळत गेलं.

वर हातभर काळी माती. खाली मुरूम. मग गोल गोल दगड, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. मग सलग काळा खडक. "हा घणाला आवाज देतो. टण्ण. ह्यात पाणी नसतं." उजेड खाली सरकला. खडक बदलला, करडा झाला, त्याला बारीक बारीक भोकं, आणि कितीतरी भोकांत पांढरे मणी भरलेले. "हा मांजऱ्या. दगड पातळ असताना त्याच्यात वाफ होती. भाकर फुगती ना, तशी वाफ निघाया बघती. निघाली तिथं भोक राहिलं." मग उजेड आणखी खाली गेला आणि एका वीतभर जाडीच्या लाल पट्ट्यावर थांबला. सगळी विहीर काळी-करडी, आणि मधूनच ही लाल फीत चारही भिंतींवरून फिरलेली.

"गुरुजी, हे काय?" मामांनी मला विचारलं.

"गेरू," मी म्हणालो. "लोह असलेली माती."

"बराबर. पण लाल काहून?"

वर्गात पोरं माझ्या प्रश्नावर जशी जमिनीकडं बघतात तसा मी विहिरीत बघत राहिलो.

"चूल मोडली की तिच्या बुडाची माती बघा," मामा म्हणाले. "काळ्या रानातली चूल असंना का, बुडाला माती लालच निघती. इथं एकदा उघडी माती होती. ऊन-पावसाची, गवताची. तिच्यावर हा वरचा दगड पातळ होऊन आला, चुलीवाणी तापलेला. माती भाजली. अन् तिच्या खाली बघा, पुन्ना काळा दगड. त्याच्या खाली पुन्ना लाल. एका विहिरीत मी तीन पट्टे मोजले. म्हंजी आग तीन डाव आली. अन् दोन आगींच्या मधी इतका काळ निवांत गेला की दगडाची माती झाली."

'अनेक उद्रेक होऊन लाव्ह्याचे थरावर थर साचले.' हे वाक्य मी दरवर्षी पोरांना लिहून देतो. पुस्तकातून घेतलं, वहीत उतरवलं, संपलं. हा माणूस त्या वाक्यापर्यंत पहार मारत मारत, पावसाळे सोडून चाळीस वर्षांत पोचला होता, आणि वाटेत त्याला त्याच्या आईच्या चुलीनं मदत केली होती. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो मला आजवर कुठल्या प्राध्यापकाबद्दलही वाटलेला नाही.

गणिताच्या सरांनी विचारलं, ज्वालामुखीचं तोंड कुठं आहे? मामा म्हणाले, तोंड नाही. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तशी जमीन भेगाळली आणि त्या भेगांतून हे सगळं वर आलं. "हे सुनेनं पुस्तकातून वाचून दाखवलं. पण मला पटलं. काहून की एका विहिरीत मला आडव्या थरातून सरळ उभी भिंत लागली होती. काळी, कडक. सा दिवस सुरुंग लावले, ढिम्म हालली न्हाई. मी तवा शिव्या दिल्या तिला. आता कळलं, ती भेगच होती, भरून थिजलेली."

सगळे खुळ्यासारखे ऐकत होते. उठताना गणिताचे सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, आता तुम्ही लवकर निवृत्ती घ्यायला हरकत नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. आदर एका बाजूला आणि तो हशा एका बाजूला, असं माझं त्या दिवशी झालं. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात दोन्ही एकदम राहू शकतात.

वारंगा फाट्यावर भजी-चहा झाला आणि आम्ही पुढं निघालो. मामांना गावांची नावं येतच नव्हती म्हणा ना. त्यांचा सगळा रस्ता विहिरींचा. इथं चाळीस फुटांवर पाणी लागलं, इथं साठावरही कोरडी गेली, इथल्या मालकिणीनं पाणी लागल्यावर सगळ्या गड्यांना पुरणपोळी घातली. मध्येच हमरस्त्यावर बोट दाखवून म्हणाले, "इथं माझी एक होती. रुंदीकरणात बुजली. आता तिच्यावरनं ट्रक जाऊन राहिले." आणि त्यातूनच घोटाळा झाला. पैनगंगा ओलांडल्यावर वळायची जागा त्यांनी एका विहिरीच्या खुणेवर लक्षात ठेवली होती. ती विहीरही बुजली होती. ते खिडकीतून विहीर शोधत राहिले आणि आम्ही भलत्याच रस्त्याला बरेच पुढं गेलो. शेवटी सूनबाईनं मोबाइलवर नकाशा काढून गाडी वळवली. मामा ओशाळले. मी वहीत लिहिलं: रस्ता चुकला, अर्धा तास वाया.

उनकेश्वरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. उतरताना मामा घमेलं घेऊन दाराशी उभे होतेच. माझ्या पुढचे एकेक खडा टाकून गेले. माझी पाळी आली आणि काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी मुठीत दोन खडे धरले आणि दोन्ही टाकले. म्हटलं, बघू यांचा न चुकणारा खडा. परतताना घमेल्यात एक उरेल, मामा गोंधळतील, मी हसत सांगेन, आणि सकाळच्या हशाची फिटंफाट होईल. चोपन्न वर्षांच्या माणसाच्या डोक्यात एवढंच होतं.

घमेलं जीपशीच ठेवून आम्ही झऱ्याच्या कुंडाशी गेलो आणि मी ते विसरूनही गेलो. मामांनी आम्हाला चपला काढायला लावल्या. आधी त्यांनी जवळच्या शेतातल्या विहिरीचं एक कळशी पाणी आणलं होतं, त्यात हात बुडवायला सांगितलं. गार. मग तोच हात झऱ्याच्या पाण्यात. अंघोळीला काढावं तसं कढत पाणी, आणि खालून बारीक बुडबुडे येत होते. काडी विझवल्यावर येतो तसा एक वास. कुणी म्हातारी अंगावरच्या चट्ट्यांवर ओंजळीनं ते पाणी घेत बसली होती, कुणी नुसते पाय सोडून. खाली ना चूल, ना जाळ. मी पुस्तकातला 'उष्ण पाण्याचे झरे' हा धडा शिकवलेला माणूस, पण पाणी हाताला लागल्यावर मला पोरासारखं खाली वाकून बघावंसं वाटलं.

मामा पायऱ्यांवर उकिडवे बसले. म्हणाले, "हे पावसाचंच पाणी. भेगेतून खाली जातं, पार तिथवर जातं, जिथं अजून ऊब हाय. मंग दुसऱ्या भेगेतून वर येतं. मी सत्तर फुटांच्या खाली कधी उतरलो न्हाई. आमी सगळं आयुष्य पाण्याच्या मागं खाली जाऊन राहिलो. हे एकच पाणी असं, जे सोता वर भेटाया येतं."

आमच्यातल्या दोघी शिक्षिका पाय पाण्यात सोडून बसल्या त्या उठेचनात. गणिताचे सर मोबाइलमध्ये बुडबुडे टिपत होते. मी वही काढली, आधीच्या दोन्ही ओळी खोडल्या आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: हो.

निघायची वेळ झाली. एकेकानं खडा उचलला आणि आत जाऊन बसला. मीही उचलला. मामांनी घमेल्यात बघितलं. त्यात एक खडा होता.

"कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

गणिताच्या सरांनी मोजलं. सात. जीपवाला आणि सूनबाई धरून नऊ. सगळे आत.

"कुणी दोन टाकले का?"

खाई त्याला खवखवे. माझे कान तापले. पण गंमत सांगायची ती पहिल्या क्षणाला, तो क्षण गेला होता, आणि मामांच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, भीती होती. तिच्यापुढं 'मी गंमत केली' हे तोंडातून फुटेना. सगळे एकमेकांकडं बघत होते, म्हणून मीही बघितलं.

"असंल हो कुणाचातरी जास्तीचा," सर म्हणाले. "मामा, चला. उशीर झालाय."

"गाडी हालणार न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी घमेलं जीपच्या पायरीवर ठेवलं, पिशवीतला आरसा घेतला आणि शेतांच्या दिशेनं चालू लागले. उताराला गुडघा दुमडेना, म्हणून पाय बाजूनं टाकत चालले होते.

पाव तास गेला. गाडीत कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणालं, असल्या माणसाच्या भरवशावर शंभर पोरं कशी द्यायची? कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. माझ्या एका जास्तीच्या खड्यानं त्यांचा सगळा दिवस नासत चालला होता आणि मी खिडकीशी मूग गिळून बसलो होतो. सूनबाईचे डोळे भरून आले. ती मागं वळून म्हणाली, "सर, ते येडे न्हाईत. मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. मामांचे थोरले भाऊ काठावर बसायचे. घमेलं त्यांच्या ताब्यात. एका विहिरीवर सुरुंग भरून झाले, सहाच्या सहा गडी वर आले, आणि घमेल्यात एक खडा उरला. गड्यांनी मोजलं, सहा. मालकानं मोजलं, सहा. सगळे म्हणाले, लाव काडी. मामा स्वतः त्यात होते, तेही भावावर खेकसले, लाव म्हणून. भाऊ म्हणाला, खडा हाय तवर न्हाई. आणि तो पुन्हा खाली उतरला. खाली कपारीत एक मेंढपाळ बसलेला होता. त्याचं कोकरू पडलं होतं, ते काढायला तो मधल्या सुट्टीत कुणाला न विचारता उतरला होता. गडी उतरताना खडा टाकतात हे त्यानं लांबून बघितलं होतं, म्हणून त्यानंही टाकला होता.

"तवापासून बाबा म्हणतात," ती म्हणाली, "खडा टाकणारा कोण, ते आपल्याला ठाऊक असो-नसो. टाकला म्हंजी त्यानं आपल्यावर भरवसा ठेवला. इथं बी कुण्या परक्यानं बघून टाकला असंल तर? म्हणून आजूबाजूच्या विहिरी बघाया गेलेत."

मी दार उघडून उतरलो आणि पळत सुटलो. कापसाच्या रानातून, चिखलातून, धोतऱ्याच्या काट्यांतून. पहिल्या विहिरीवर ते नव्हते, दुसरीवर नव्हते. तिसरीच्या काठावर पालथे पडले होते. नव्या सदऱ्याची छाती मातीनं भरली होती. एका हातानं आत आरशाचं ऊन फिरवत होते आणि ओरडत होते, "हाय का कुनी? खाली हाय का कुनी?" ओरडून झालं की डावा कान विहिरीकडं करून ऐकायचे.

चांगला कान विहिरीकडं, म्हणून माझी हाक त्यांना येईना. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला. "मामा, तो खडा माझा होता. मी दोन टाकले."

"आँ?"

मला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारच्या ओळीत कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. "मी दोन खडे टाकले, मामा. मुद्दाम टाकले."

ते उठून बसले. माझ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं. "मंग आत कुनी न्हाई?"

"नाही. कुणीच नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी दीर्घ श्वास सोडला आणि विहिरीला हात जोडले. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मग उठण्यासाठी त्यांनी माझ्याच खांद्याचा आधार घेतला, आणि मी तसाच, त्यांचं वजन खांद्यावर घेऊन, गाडीकडं निघालो.

वाटेत ते बोलले. "गुरुजी, मला हे जमणार न्हाई. तुमी मास्तर मानूस, तुमी दोन टाकले. उद्या शंभर लेकरं येतील. एकानं गंमत केली तर मी कुनाकुनाला शोधू? अन् न शोधता गाडी हालवायला माझा जीव धजणार न्हाई. ऊसच बरा. उसात कुनी बुडत न्हाई."

गाडीत बसल्यावर मी सगळ्यांना सांगितलं. काय केलं ते, आणि का केलं तेही. गणिताचे सर माझ्याकडं बघत राहिले आणि मग खिडकीबाहेर बघायला लागले. पैनगंगा आली, गेली. मी सरकत सरकत मामांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो.

"मामा, तुमच्या भावानंतर काठावर कोण बसायचं?"

"कुनी टिकलं न्हाई. भरवशाचा मानूस लागतो."

"मी भरवशाचा नाही, ते आज तुम्ही बघितलंच," मी म्हणालो. "पण पोरांची गंमत मला कळते. अठ्ठावीस वर्षं दुसरं काय केलं? एखाद्यानं मुठीत दोन खडे धरले तर ते मला त्याच्या मानेवरून कळेल. तुम्ही पोरांना विहीर दाखवा. काठावर घमेलं घेऊन मी बसतो."

"काठावरल्या मानसानं बोलायचं नसतं, गुरुजी. मधी बोललं की मोजणी सुटती."

"नाही बोलणार."

पुढून सूनबाई म्हणाली, "बाबा, सरांना ते जमायचं न्हाई." गाडीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मामा हसले नाहीत. ते विचार करत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हो-नाहीची वाट बघत बसलो होतो.

वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. दिवस मावळायला आला होता. मामांचा फोन वाजला. त्यांनी नंबर बघितला, चहाचा कप खाली ठेवला आणि फोन वाजतच राहिला. "मुकादम," ते म्हणाले. मग एकदा सुनेकडं, एकदा आपल्या गुडघ्याकडं बघून त्यांनी तो फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा. मला त्याला न्हाई म्हणाया येत न्हाई."

मी फोन कानाला लावला. तिकडून आवाज आला, "काय ठरलं मग? गाडी भरून राहिलो आमी. येतो का न्हाई?"

"ते येणार नाहीत," मी म्हणालो. "त्यांना काम लागलंय."

"कुठं?"

"शाळेत."

"शाळेत? शिपाई म्हणून का?"

"नाही," मी म्हणालो, "भूगोल शिकवायला."